कालाहांडीचा तांदूळ आणि कालाहांडीची भूक

एखाद्या प्रदेशात लोक उपाशी आहेत असे ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम करपलेल्या शेताचे चित्र उभे राहते. पाऊस पडला नाही म्हणून पीक आले नाही, आणि पीक आले नाही म्हणून माणसे उपाशी राहिली, अशी सरळ कारणपरंपरा आपण मनाशी जुळवतो. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु जेथे पाऊस भरपूर पडतो, जेथे भात उत्तम पिकते आणि जेथून तांदळाच्या वाघिणी भरून परमुलखात जातात, तेथेही माणसे उपाशी राहत असतील, तर ह्या परंपरेतील एखादा दुवा आपल्या नजरेतून सुटला आहे असे म्हटले पाहिजे. तो दुवा शोधण्यास ओडिशा राज्यातील कालाहांडी जिल्ह्याइतके बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

वाचकांनी भारताचा नकाशा पुढे घ्यावा. छत्तीसगडच्या पूर्व सीमेला लागून, ओडिशाच्या पश्चिम अंगास हा जिल्हा आहे. भवानीपाटणा हे त्याचे मुख्य ठिकाण. १ जानेवारी १९४८ रोजी ओडिशात विलीन होईपर्यंत कालाहांडी हे एक संस्थान होते. पुढे खरियारचा भाग त्यास जोडून जिल्हा बनला आणि १९९३ मध्ये तोच भाग नुआपाडा ह्या नावाने पुन्हा वेगळा झाला. म्हणून १९९३ पूर्वीच्या कालाहांडीविषयी जे लिहिले गेले आहे, ते आजच्या दोन जिल्ह्यांना मिळून लागू पडते, हे ध्यानात ठेवावे. जिल्ह्याच्या दक्षिणेस व पूर्वेस पूर्व घाटाचे डोंगर आहेत. उत्तरेस व पश्चिमेस तेल नदीचे सखल खोरे आहे. ही तेल नदी पुढे महानदीस मिळते.

ह्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पावसाच्या तो जवळजवळ दुप्पट आहे. रायपूर-विजयानगरम् हा लोहमार्ग १९३१ मध्ये पुरा झाल्यापासून केसिंगा हे ठिकाण धान्याच्या व्यापाराची पेठ बनले. बहुतेक वर्षी जिल्ह्यातून तांदूळ बाहेर जात असे. असे असूनही १९६५-६६ च्या अवर्षणात येथे घोर अन्नटंचाई झाली. १९८५ मध्ये खरियार भागातील एका दरिद्री कुटुंबातील तरुण मुलगी अवघ्या ४० रुपयांस विकली गेल्याची बातमी वृत्तपत्रांत आली आणि ‘कालाहांडी’ हा शब्द देशभर उपासमारीचा पर्यायशब्द होऊन बसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. माणसे भुकेने मेली की रोगाने, ह्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. तो वाद करणाऱ्यांना एक साधी गोष्ट दिसू नये ह्याचे नवल वाटते: महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला रोग येतो, तेव्हा त्याचे मरण दोहोंपैकी कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हा कारकुनी प्रश्न उरतो.

आता प्रथम पावसाकडे पाहू. वार्षिक सरासरी ही मोठी फसवी संख्या आहे. कालाहांडीच्या पावसाच्या पाच हिश्शांपैकी चार हिस्से जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातात, आणि त्यांतही काही मोजक्या दिवसांत तो कोसळतो. भाताला मात्र ठरावीक वेळी पाणी हवे असते. ह्या भागात बहुतेक शेतकरी आवण तयार करून लावणी करीत नाहीत. बी शेतात फोकून देतात. रोपे महिना-सव्वा महिन्याची झाली आणि खाचरात वीतभर पाणी साठले की उभ्या पिकातच हलका नांगर फिरवितात. ह्या क्रियेला तेथे ‘बेउशन’ म्हणतात. नांगराने तण मोडते, दाट रोपे विरळ होतात आणि उरलेल्यांना फुटवे फुटतात. ही पद्धत अडाणीपणाची नाही. थोड्या मजुरीत मोठे क्षेत्र उरकण्याची ती जुनी युक्ती आहे. परंतु श्रावणात खाचर भरले नाही, तर बेउशन होत नाही, तण माजते आणि पीक तेथेच निम्मे होते. दुसरा नाजूक काळ पोटरीतून कणीस निसवण्याचा. उत्तरा व हस्त ह्या नक्षत्रांत पावसाने पाठ फिरविली, तर लोंब्या बाहेर पडतात, पण दाणा भरत नाही. अशा वर्षीचा पावसाचा एकूण आकडा पाहिला, तर तो पुष्कळदा सरासरीच्या आसपासच असतो. कागदावर दुष्काळ नसतो; शेतात मात्र पळींज झालेले पीक उभे असते.

ह्यापुढची गोष्ट जमिनीची. पश्चिम ओडिशातील शेतकरी आपल्या जमिनीचे उतारावरील स्थानाप्रमाणे चार वर्ग करतो. माथ्यावरची मुरमाड, बांध नसलेली जमीन ती ‘आट’. आपल्या कोकणातील शेतकरी जिला वरकस म्हणतो, तीच ही. तिच्याखाली उतारावर बांध घालून केलेली ‘माल’; त्याखालची, बऱ्यापैकी ओल धरणारी ‘बेरणा’; आणि नाल्याच्या काठाची, गाळाची, मार्गशीर्षापर्यंत ओलसर राहणारी ती ‘बहाल’. एकच पाऊस ह्या चारही जमिनींवर पडतो, पण माथ्यावरचे पाणी आणि त्याबरोबरची माती वाहून बहालात येते. म्हणून पंधरा दिवसांची उघडीप पडली, तर आट जमिनीचे पीक माना टाकते आणि बहालातले भात हिरवे राहते. एकाच गावात, एकाच वर्षी, शंभर-दोनशे पावलांच्या अंतरावर एका घरी सुकाळ असतो आणि दुसऱ्या घरी दुष्काळ. बहाल जमीन कोणाकडे आहे, ह्यावर सारे अवलंबून असते.

संस्थानी काळात ती बहुधा गावच्या प्रमुखाकडे असे. त्याला ‘गौंतिया’ म्हणत. तो सरकारसाठी सारा गोळा करी आणि त्याबद्दल गावातील उत्तम जमीन ‘भोगरा’ म्हणून त्याला कसावयास मिळे. रयतेकडून तो वेठही घेई. पण ह्या व्यवस्थेची एक दुसरी बाजू होती. गावावर सारा बसवावयाचा, तर गाव पिकले पाहिजे. म्हणून उतारावरून वाहणाऱ्या पाण्याला आडवा मातीचा बांध घालून तळे करण्यात गौंतियाचे हित असे. अशा तळ्यांना ‘कट्टा’ म्हणतात; लहान असेल तो ‘मुंडा’. कट्ट्याचे पाणी कालव्याने वर्षभर खेळविण्याइतके नसे. भाद्रपद-आश्विनात पाऊस ओढला, की एक-दोन पाळ्या देऊन कणसात दाणा भरून घ्यावा, एवढेच त्याचे काम. परंतु वर सांगितलेल्या नाजूक काळात नेमके तेवढेच हवे असते. अभियंत्यांच्या मोठ्या नकाशांत ज्यांना ठिपक्याइतकीही जागा नव्हती, अशा ह्या तळ्यांनी कित्येक वर्षांची पिके वाचविली आहेत.

१९५० नंतरच्या दशकात मध्यस्थांचे हक्क रद्द झाले. वेठ गेली, ही गोष्ट न्याय्यच झाली. मात्र कट्टे सरकारजमा झाले आणि त्यांचा गाळ काढणारा, फुटलेला बांध पावसाळ्यापूर्वी बांधणारा असा कोणी धनी राहिला नाही. काही तळी ह्या खात्याकडे, काही त्या खात्याकडे, काही पंचायतीकडे गेली. गाळाने भरलेल्या तळ्याच्या पोटात कोणी भात पेरले, तर कोणी ते पोटच आपल्या नावावर करून घेतले. वरच्या डोंगरांवरील जंगल विरळ झाल्याने गाळही पूर्वीपेक्षा अधिक वाहून येऊ लागला. जुन्या व्यवस्थेतील अन्याय काढून टाकताना तिच्यातील उपयुक्त काम कोण करणार, ह्याची तजवीज झाली नाही, आणि त्याची किंमत माथ्यावरच्या लहान शेतकऱ्याने दिली.

ह्या लहान शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब एकदा मांडून पाहणे बोधप्रद होईल. समजा, पाच माणसांचे एक कुटुंब आहे आणि त्याला एक हेक्टर कोरडवाहू माल जमिनीत १० क्विंटल भात झाले. भाताचा तांदूळ सुमारे दोन-तृतीयांश होतो, म्हणजे साडेसहा क्विंटलांच्या वर तांदूळ. माणशी दररोज ४०० ग्रॅम धरले, तर घराला दिवसाला २ किलो आणि वर्षाला ७३० किलो लागतात. म्हणजे सारे भात घरी ठेवले, तरी जेमतेम अकरा महिने पुरावे. पण सारे घरी राहत नाही. गेल्या आषाढात ह्या कुटुंबाने सावकाराकडून २ क्विंटल भात खावटीला आणले होते. त्याचा दर दिढीचा. तेव्हा खळ्यावरच ३ क्विंटल परत द्यावे लागतात. एक क्विंटल पुढच्या पेरणीचे बी. मीठ, तेल, कापड, औषध ह्यांसाठी २ क्विंटल विकावे लागतात, आणि तेही सुगीच्या ऐन मंदीच्या भावाने. उरले ४ क्विंटल भात, म्हणजे सुमारे २६५ किलो तांदूळ. मार्गशीर्षात सुरू केलेली ही कणगी चैत्रात, साडेचार महिन्यांच्या आतच, तळाला लागते. मग मोहाची फुले वेचावयाची, केंदूची पाने तोडावयाची, मिळेल ती मजुरी करावयाची. आषाढात पुन्हा दिढीवर खावटी.

ह्या हिशेबात अवर्षण कोठेच नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. हे चांगल्या वर्षाचे गणित आहे. वाईट वर्षी १० च्या जागी ५ क्विंटल झाले, तर दिढी, बी आणि किरकोळ खर्च भागवून काहीच उरत नाही आणि जमीन गहाण पडते. गहाण पडलेली जमीन सहसा सुटत नाही. पुढल्या वर्षी हेच कुटुंब तीच जमीन अर्धेलीने कसू लागते. ओडिशाच्या १९६० च्या जमीन सुधारणा कायद्याने जमीन खंडाने देण्यास, काही अपवाद सोडून, बंदी केली. त्याचा परिणाम असा झाला, की खंडकरी नाहीसा न होता केवळ कागदोपत्री दिसेनासा झाला. करार तोंडी असतो. म्हणून बँकेचे कर्ज, पिकाचा विमा आणि सरकारी खरेदी ह्या सर्वांची दारे त्याला उघडणे कठीण जाते, कारण सातबारासारख्या त्या कागदांवर नाव असते मालकाचे.

आता व्यापाराकडे वळू. जेथे टंचाई असेल तेथे भाव चढतील, आणि जेथे भाव चढतील तेथे व्यापारी आपण होऊन धान्य आणील, असा एक जुना सिद्धांत आहे. ओडिशानेच ह्या सिद्धांताची फार दारुण परीक्षा पाहिली आहे. १८६५ मध्ये पाऊस लवकर संपला. सरकारने बाहेरून तांदूळ आणावा अशी मागणी झाली असता, व्यापारात हात घालू नये, ह्या समजुतीने वरिष्ठांनी ती बाजूस सारली. १८६६ चा पावसाळा लागला, समुद्र खवळला, किनाऱ्यावर गलबते लागेनात. आणि मग पैसे देऊनही धान्य आत येईना. ह्या दुष्काळात सुमारे १० लक्ष माणसे, म्हणजे त्या भागातील जवळजवळ एक-तृतीयांश प्रजा, मृत्युमुखी पडली. पुढे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयी प्राध्यापक अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्केच कमी होते. १९४१ मध्ये ते ह्याहूनही कमी असताना दुष्काळ पडला नव्हता. तफावत पडली ती खरेदीच्या ऐपतीत. युद्धकाळात भाव कित्येक पटींनी चढले, आणि शेतमजूर, कोळी, कारागीर ह्यांच्या कमाईत त्या प्रमाणात वाढ झाली नाही. सेन ह्यांच्या आकड्यांवर इतर पंडितांनी आक्षेप घेतले आहेत, तरी त्यांचा मुख्य मुद्दा टिकून राहिला आहे: धान्य असणे ही एक गोष्ट आणि ते धान्य मिळविण्याचा हक्क माणसाच्या हाती असणे ही दुसरी.

कालाहांडीत हेच संथपणे, दरवर्षी, कोणाच्या नजरेत न भरता घडत असे. सुगीत विक्रेता असलेला शेतकरी श्रावणात गिऱ्हाईक बनतो. सुगीत सारे एकदम विकावयास येतात, म्हणून भाव पडलेला. श्रावणात सारे एकदम घ्यावयास येतात, म्हणून चढलेला. दोन्ही वेळा नुकसान त्याचेच. केसिंग्याच्या पेठेतून बाहेर गेलेला तांदूळ अतिरिक्त होता असे म्हणण्यापेक्षा, जो घरात ठेवण्याची ऐपत नव्हती तो तांदूळ होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

पश्चिम ओडिशात भाद्रपद शुद्ध पंचमीस ‘नुआखाई’ हा मोठा सण असतो. आपल्याकडे त्याच दिवशी ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे धान्य वर्ज्य करतात. तेथे त्याच दिवशी नवीन तांदूळ देवीला दाखवून घरातील वडील माणूस सर्वांच्या हातावर ठेवतो. हा सण वर्षातील सर्वांत टंचाईच्या पंधरवड्यात यावा, हे विचार करण्यासारखे आहे. त्या वेळी पिकलेले असते ते फक्त आट जमिनीवरचे हळवे भात आणि काही भरड धान्य. ही हळवी पिके म्हणजे मुख्य सुगीपर्यंतचा पूल होता. भाताचे सुधारलेले वाण, खते, कालवे ह्यांचा सारा ओघ सखल जमिनीकडे गेला आणि माथ्यावरच्या नाचणीकडे, तेथील भाषेत ‘मंडिया’कडे, बराच काळ कोणी पाहिले नाही. अलीकडे त्याच माथ्यांवर कापूस आला आहे. कापसाने रोख पैसा येतो हे खरे; पण कापूस खाता येत नाही, आणि त्याचा भाव दूरच्या बाजारात ठरतो. नाचणी थोड्या पावसावर येते, किडीपासून वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेही नसते. २०१७ मध्ये ओडिशा सरकारने डोंगरी भागांत भरड धान्यांची विशेष योजना सुरू केली, ती प्रथम ज्या ७ जिल्ह्यांत, त्यांत कालाहांडी व नुआपाडा हे दोन्ही होते.

पूल मोडला म्हणजे काय होते, हे २००१ मध्ये दिसले. कालाहांडीला लागून असलेल्या रायगडा जिल्ह्यातील काशीपूर भागात त्या वर्षी पावसाळ्यात आंब्याच्या कोयींची पेज खाऊन माणसे दगावली. कोयीतील गर वाळवून, धुऊन खाणे ही तेथील जुनी चाल आहे आणि नीट राखलेला गर अपायकारक नसतो. परंतु पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या कोयींवर बुरशी चढते व ती विषारी ठरू शकते. घरात दुसरे काही असते, तर बुरसट कोयी फेकून दिल्या गेल्या असत्या. त्याच वेळी देशातील सरकारी गुदामांत सुमारे ६ कोटी टन धान्य साठून होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला सुरू झाला. शाळांतून शिजविलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश त्यातूनच नोव्हेंबर २००१ मध्ये निघाला. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्याप्रमाणे माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. मघाच्या हिशेबात हे घालून पाहावे. पाच माणसांना २५ किलो, म्हणजे साडेबारा दिवसांचे अन्न. थोडे वाटते, पण चैत्रात रिकामी होणारी कणगी त्यामुळे ऐन पावसाळ्यापर्यंत पुरते, आणि दिढीवर खावटी आणण्याची गरज पुष्कळच कमी होते. धान्याचे वजन आपण पाहतो. त्याने वाचविलेले व्याज सहसा पाहत नाही.

कामाच्या हमीचे तसे नाही. ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात येथे रोजगार हमी योजना व्यापक प्रमाणावर राबविली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये संसदेने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला. परंतु मातीकाम उन्हाळ्यात चालते. खड्डे पाण्याने भरले की काम बंद, आणि कालाहांडीची भूक तर खड्डे पाण्याने भरतात तेव्हाचीच. त्यातून मजुरी उशिरा हाती पडली, तर हमीचा अर्थच राहत नाही. म्हणूनच सुगी आटोपताच पुष्कळ कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन आंध्र व तेलंगणातील वीटभट्ट्यांवर जातात. आपल्याकडील बीडचा ऊसतोडणी मजूर ज्या उचलीने बांधला जातो, तिचीच ही बहीण. उचल एकरकमी आणि आगाऊ मिळते, आणि दिढीचे कर्ज एकरकमीच फेडावे लागते. मजूर सरकारी कामाऐवजी भट्टी का पत्करतो, ह्याचे उत्तर येथे आहे.

आज कालाहांडीचे नाव निराळ्या कारणाने घेतले जाते. इंद्रावती ही मुळात गोदावरीकडे जाणारी नदी. तिच्या उगमाकडील खोऱ्यात चार धरणे बांधून तिचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने अलीकडे, तेल नदीची उपनदी असलेल्या हातीच्या खोऱ्यात वळविले आहे. त्या पाण्यावर मुखीगुडा येथे ६०० मेगावॅट शक्तीचे वीजगृह चालते. ह्या शतकाच्या आरंभापासून धर्मगड, जुनागड, जयपाटणा, कोकसरा ह्या भागांतील हजारो हेक्टरांत वर्षाला दोन पिके निघू लागली, आणि भाताच्या उत्पादनात ओडिशात बारगढच्या खालोखाल कालाहांडीचे नाव येऊ लागले. सरकारी खरेदीचे भात आता राज्यातल्याच शिधावाटपास उपयोगी पडते. हा पालट खरा आहे आणि मोठा आहे.

पण पाणी उताराने जाते. कालवा धर्मगडच्या सखल भागात पोहोचला. थुआमूल रामपूर आणि लांजीगडच्या डोंगरी भागांना तो मिळणे शक्यच नव्हते. इंद्रावती उगम पावते ती थुआमूल रामपूरच्याच डोंगरांत. तेथील काही गावांची बहाल जमीन जलाशयाखाली गेली आणि त्यांच्याकडे उरली ती बव्हंशी आट जमीन, मुरमाची, थोड्या नाचणीची. त्या डोंगरांवरून वाहिलेले पाणी घाटाखाली उन्हाळी भात पिकविते. वरच्या गावांत मात्र आषाढ लागला की अजूनही प्रथम कणगीत हात घालून पाहावा लागतो.